दसरा ते संक्रांत : घर उबदार करायचं तर पैसे कशावर घालायचे?

भाचीला पुण्यात बाणेरला भाड्याने वन बीएचके मिळाला. किल्ल्या हातात पडल्या त्याच संध्याकाळी तिचा फोन. "मावशी, पंचवीस हजार बाजूला काढलेत. दसऱ्यापर्यंत घर मस्त ऊबदार दिसलं पाहिजे. फोटो पाठवलेत, बघ." बघितले. सगळ्या फोटोंत खिडकीबाहेर बर्फ, आत शेकोटी, सोफ्यावर जाडजूड लोकरी पांघरुणं. ऑक्टोबरातल्या दुपारी सहाव्या मजल्यावर हे सगळं मांडलं तर काय होईल या विचारानेच मला घाम फुटला.

पण मुलीचं मागणं काही चुकीचं नाही. आपले फ्लॅट उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले. गुळगुळीत टाइल्स, पांढऱ्याफेक भिंती, छताला पांढरी ट्यूब. नरक चतुर्दशीच्या पहाटे पहिला तांब्या अंगावर घेतला की कळतं, थंडी आली. पुढे जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, आणि अशा संध्याकाळी तोच हॉल दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखा दिसायला लागतो. चहा प्यायलासुद्धा तिथे बसवत नाही.

तिला मी एकच प्रश्न विचारला : जे आणशील ते संक्रांतीनंतर कुठे ठेवणार? माझ्या माळ्यावर सध्या तीन मोडके आकाशकंदील, दिव्यांच्या माळांचा एक गुंता (यात किती माळा आहेत हे आता देवच जाणे) आणि गणपतीच्या मखराची अर्धी बाजू आहे. दुसरी अर्धी कुठे गेली ते घरात कोणीच कबूल करत नाही. दर वर्षी सणाला खर्च करायचा आणि उरलेले नऊ-दहा महिने तो खर्च डोक्यावर साठवायचा, हे मी वीस वर्षं केलं. त्यामुळे खालची सगळी तुलना याच एका फूटपट्टीने केली आहे. दिसायला तर सगळंच छान दिसतं.

आधी उजेड, मग बाकीचं

पंचवीसपैकी पहिले दोन हजार दिव्यांवर घाल, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "दिवे आहेत की घरात." आहेत, पण कोणते? एलईडीच्या खोक्यावर वॅटच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो, केल्विनचा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा उजेड, आपली नेहमीची ट्यूब. ४००० मधला. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा. पणतीची ज्योत त्याच्याही खाली, १९००च्या आसपास. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. भिंत तीच, सोफा तोच, पण ६५००च्या जागी २७०० लावला की खोलीचा चेहरा बदलतो. वीजही जास्त लागत नाही. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो, मग तो पिवळा असो की पांढरा.

छतावरच्या एका झगझगीत दिव्यापेक्षा कमरेच्या उंचीवरचे दोन-तीन लहान दिवे बरे. एक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, एक पुस्तकांच्या फळीवर, एक जेवायच्या टेबलाशी. ट्यूब काढायची नाही. डाळ-तांदूळ निवडायला, सुईत दोरा ओवायला तीच लागते. फक्त संध्याकाळी सातनंतर ती बंद ठेवायची. आमच्याकडे सासूबाईंनी पहिले चार दिवस "अंधार करून काय बसता" म्हणून कुरकुर केली. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच ट्यूब बंद केली आणि जपाला बसल्या. हा खर्च माळ्यावर जात नाही, बारा महिने चालतो.

आता सणाचे दिवे. एलईडीची माळ की पणत्या? हिशेब मांडून बघू. १० वॅटची माळ रोज सहा तास, पाच दिवस जळली तर ३०० वॅट-तास, म्हणजे युनिटचा एक तृतीयांशही नाही. दहा पणत्यांना प्रत्येकी मोठा चमचाभर तेल धरलं, तर चार संध्याकाळी मिळून अर्ध्या लिटरच्या वर तेल जातं. शिवाय वाती वळायच्या, वारा सुटला की परत लावायच्या, सकाळी पायऱ्यांवरचे तेलाचे डाग घासायचे. हिशेबात माळ कधीच पुढे निघून जाते.

तरीही हॉलच्या आत मी पणतीच लावते. ज्योत हलते आणि तिच्याबरोबर भिंतीवरची सावली हलते. माळेला ते जमत नाही, आणि लुकलुकणाऱ्या माळेला तर अजिबात नाही. ती घरात लावली की लग्नाच्या हॉलचं प्रवेशद्वार आठवतं. माळ बाल्कनीच्या कठड्याला, पणत्या आत पाच-सात. इतक्याच. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून साध्या, बिनरंगाच्या पणत्या घ्याव्यात आणि आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवाव्यात. कोरडी माती तेल पिते, पाणी प्यायलेली माती पीत नाही. भिजवून सावलीत सुकवलेली पणती जास्त वेळ जळते आणि खाली तेलाचं वर्तुळही उमटत नाही. चमकी लावलेल्या रंगीत पणत्या फोटोत बऱ्या दिसतात, पण भिजवल्या की रंग सोडतात आणि घासायला गेलं की चमकी हाताला. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर मात्र यातलं काहीच ऐकू नका आणि सेलवरचे दिवे आणा. तिथे हौस महत्त्वाची नाही.

माळ घेताना एक चूक मी करून बसले आहे. रस्त्यावरच्या गाडीवर भर उन्हात "वॉर्म" म्हणून घेतलेली माळ घरी लावल्यावर मोसंबी सरबताच्या रंगाची निघाली. परत करायला गेले तर गाडीच नव्हती. तेव्हापासून माळ संध्याकाळी आणि लावून दाखवल्यावरच घेते.

तिसरा पर्याय समईचा. भाचीच्या मते समई म्हणजे "फार देवघर". तिला म्हटलं, एकदा बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि तिथले दिवे बघून ये. साध्या घरांतून रोज वापरलेल्या दिव्यांत किती घाट असू शकतात ते तिथे दिसतं. हत्तीचे, मोराचे, साखळीवर लोंबणारे. ती गेली आणि येताना लामणदिव्याचं वेड घेऊन आली. भाड्याच्या घरात स्लॅबला भोक पाडायला मालक देणार नाही, हे तिला जिना उतरताना सुचलं. पण तिच्या बाल्कनीत झोपाळ्याच्या दोन कड्या आधीपासून आहेत. एकीला लामणदिवा टांगला. प्रश्न मिटला, झोपाळा राहिला.

आकाशकंदील : चार जाती

प्लास्टिकचा स्वस्त, धुता येतो, पावसाला भीत नाही. दिवाळी ऑक्टोबरात आली तर परतीचा पाऊस एखाद्या संध्याकाळी येतोच, तेव्हा कागदाच्या कंदिलाची काय दशा होते ते सगळ्यांनी पाहिलंय. पण प्लास्टिकमधून उजेड मऊ येत नाही. आतला बल्ब ठिपक्यासारखा दिसतो. आणि दोन वर्षांत ऊन खाऊन त्याच्या कडा तडकतात. माझ्या माळ्यावरचे तिन्ही मोडके याच जातीचे आहेत. थर्माकोलचा कोणी देऊ केला तर घ्यायचाच नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर.

खणाचा कापडी कंदील हा गेल्या काही वर्षांतला लाडका. दिवसा, न लावताही, तो शोभतो, बाकीच्यांचं तसं नाही. बहुतेक कापडी कंदिलांची घडी होते, म्हणजे माळ्यावर एका पिशवीची जागा. दोष एकच. खणाची वीण दाट आणि रंग गडद, त्यामुळे उजेड अडतो. रात्री तो दिव्यापेक्षा शोभेची वस्तू जास्त वाटतो. घ्यायचाच तर फिकट रंगाचा घ्या. दुकानात आत मोबाईलची बॅटरी लावून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, त्याची सवय करून घ्या.

मोठ्या पुठ्ठ्याचे, घडी उलगडून लावायचे चांदणीचे कंदील आत, खिडकीपाशी सुंदर दिसतात. बाल्कनीत नको.

आणि चौथा, कामट्यांचा. बुरुड आळीतून बांबूच्या कामट्या आणायच्या, त्यांचे सारखे चौकोन करायचे, कोपरे दोऱ्याने करकचून बांधायचे, वर पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. चिकटवायला मैद्याची खळ. ती पातळ झाली तर कागद विरघळतो, घट्ट झाली तर वाळल्यावर गोळे दिसतात. हाताला कळेपर्यंत पहिला कंदील बिघडणारच. पण एकदा सांगाडा नीट झाला की तो वर्षानुवर्षं पुरतो. दर दिवाळीला फक्त कागद बदलायचा. आमचा सांगाडा अकरा वर्षांचा आहे. आत पूर्वी पिवळा बल्ब असायचा आणि एका वर्षी झिरमिळी उडून त्याला चिकटली, कागदाला तपकिरी भोक पडलं. आता आत ५ वॅटचा २७०० केल्विनचा एलईडी असतो, तो इतका तापत नाही. उजेड मात्र तसाच, दुधात केशर कालवल्यासारखा.

वेळ नसेल तर खणाचा. एक रविवार मोकळा असेल तर कामट्यांचा. प्लास्टिकचा फक्त ज्यांची बाल्कनी पावसाला उघडी आहे त्यांनी.

कापड

थंडीत फरशीवर काहीतरी हवंच. मशीनवर विणलेला लोकरीसारखा दिसणारा पॉलिस्टरचा गालिचा दुकानात हात फिरवला की मोहात पाडतो. पुण्याच्या धुळीत त्याचा मोह महिनाभर टिकतो. तो घरी धुता येत नाही, आणि मार्चमध्ये गुंडाळून ठेवला की एका माणसाएवढी जागा खातो. सुती सतरंजी दिसायला साधी, पण बादलीत बुचकळता येते आणि घडी करून कपाटात जाते. माझं मत सतरंजीला.

पांघरुणांत सोलापुरी चादर, गोधडी आणि घोंगडी असे तीन पर्याय. सोलापुरी चादर भौगोलिक मानांकन मिळालेली, दणकट, मोठ्या नक्षीची. जुना सोफा झाकायला तिच्याइतकं काही नाही, फक्त नक्षी ठसठशीत असल्यामुळे आजूबाजूच्या गोष्टी साध्या ठेवाव्या लागतात. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी-तपकिरी, चिंचोक्याच्या खळीमुळे सुरुवातीला कडक. खुर्चीच्या पाठीवर टाकली तर खोली एकदम भारदस्त दिसते. अंगाला टोचते, पावसाळ्यात वास येतो, आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी लागते. कोणाला ही हौस झेपते, कोणाला नाही. भाचीला नाही झेपली. पाच मिनिटं घेऊन बसली आणि मान खाजवत उठली.

गोधडी मात्र आमच्याच घरातून गेली. माझ्या आईच्या दोन नऊवारी आणि एका सुती पातळाची. कडेने एकावर एक धावदोऱ्याच्या रांगा, मध्ये शेवटचा चौकोन. एका ठिकाणी धागा संपला तिथे आईने निळ्याऐवजी हिरवा लावलाय, तो अजून दिसतो. बाजारात आता नव्या कापडांच्या, मशीनवर टिपलेल्या गोधड्या मिळतात. वाईट नसतात, धुवायला सोप्या आहेत. पण घरात जुनी लुगडी असतील तर शिवून देणाऱ्या बाया शोधा आणि दिवाळीच्या निदान दोन महिने आधी द्या. हाताच्या टाक्यांना वेळ लागतो.

लाकूड : इथे थांबून विचार करा

तिच्या यादीत सगळ्यात वर होतं सेंटर टेबल आणि पुस्तकांची मांडणी. एकीकडे ऑनलाइन मिळणारं तयार फर्निचर, दुसरीकडे जुनं सागवान.

तयार फर्निचर म्हणजे बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड, वर लाकडाच्या रंगाचा कागद किंवा लॅमिनेट. हलकं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावणारं, स्क्रूड्रायव्हरने तासात उभं राहणारं. भाड्याचं घर दोन वर्षांनी बदलायचं असेल तर हे सोयीचं. एक गोष्ट लक्षात ठेवा : याला पाणी चालत नाही. मी एकदा असल्या मांडणीवर मनी प्लांटची बाटली ठेवली होती. खालच्या बाजूने पाझर होता, ते पंधरा दिवसांनी कळलं. फळीची कड पुरीसारखी फुगली होती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, पाण्यावर वॉरंटी नसते." बरोबरच होतं, कागदावर छापलेलं होतं, वाचलं मी नव्हतं. शिवाय एकदा उघडून परत जोडलं की स्क्रूची भोकं सैल होतात. म्हणजे घर बदलायला सोयीचं हे फार तर एका बदलापुरतंच खरं.

सुताराकडून प्लायमध्ये करून घ्यायचं तर निदान बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या) दर्जाचा प्लाय मागा. एमआर लिहिलेला प्लाय ओलावा सोसतो, पाणी नाही, आणि दोघांत लोक गल्लत करतात.

जुनं सागवान म्हणजे जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी सकाळी लवकर जायचं, किंवा वाडे पाडताना निघालेलं लाकूड विकणाऱ्यांकडे. सागवानाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही. पन्नास वर्षं जुनी खुर्ची पुढची पन्नास काढते. पण "सागवान आहे हो" या शब्दावर विसंबू नका. वस्तू उलटी करा. खालची, पॉलिश न लागलेली बाजू बघा. पाय वेगळ्याच लाकडाचे जोडलेले नाहीत ना, बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा नाही ना. पलंग किंवा वेताची खुर्ची असेल तर सांध्यांत बॅटरी मारून ढेकूण बघा. सजावटीच्या नादात घरी ढेकूण आणलेलं एक कुटुंब मला चांगलं माहीत आहे (त्यांची नावं सांगत नाही, आम्ही अजून एकमेकांकडे जेवायला जातो). आणि माप घ्या. वाड्याच्या दरवाजाची फळी टेबल म्हणून फार सुंदर दिसते, पण तुमच्या दारातून आत यायला हवी.

दुरुस्ती, फ्रेंच पॉलिश, टेम्पो, वर चढवायचा हमाल, हे सगळं धरलं तर जुनं स्वस्त पडत नाही, तयारच्या आसपास जातं. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमधली लाख. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. 

माझा कौल : भाड्याच्या घरात एकच जुनी वस्तू, आणि ती दोघांना उचलता येईल एवढी. ट्रंक, पाट, चौरंग, लहान स्टूल. ट्रंकेचं टेबल होतं आणि पोटात कंदील, दिव्यांच्या माळा, पणत्या मावतात. माळा नसलेल्या घराला तो माळाच झाला.

तांबं की तांब्याचा रंग

सणात दारापाशी पाण्यात फुलं तरंगत ठेवायला काहीतरी लागतं. तांब्याचा मुलामा दिलेली पत्र्याची भांडी ऑनलाइन ढिगाने मिळतात. पाण्याने मुलामा सुटतो आणि खालचं लोखंड गंजून फरशीवर लाल वर्तुळ काढतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. तिथे लाकडी हातोड्याचा, धातूच्या हातोड्याचा ठोक्यावर ठोका ऐकू येतो. मठारकाम म्हणजे भांड्यावर शेजारी शेजारी बसवलेले ते ठोके. त्याने पत्रा कडक होतो आणि प्रत्येक ठोक्याच्या खळगीत दिव्याचा उजेड वेगळा पकडला जातो. पणतीशेजारी मठारलेलं घंगाळ ठेवून बघा, मग शब्द लागत नाहीत. तांबं वजनावर मिळतं आणि वजनावर मोडीत जातं. काळवंडतं, हे खरं. चिंच-मीठ लावून दोन मिनिटं. आठवड्याला तेवढं करायचा कंटाळा असेल तर न घेतलेलं बरं, काळं घंगाळ दारात उदास दिसतं.

फुलांचं एका ओळीत : कापडी झेंडूची माळ आत भिंतीवर चालते, पण दाराच्या चौकटीला खरा झेंडू आणि आंब्याची पानंच, आणि फुलं मंडईतून पहाटे आणली तर दुपारच्या निम्म्यात.

भाचीने शेवटी काय घेतलं

तीन पिवळे दिवे, एक सतरंजी, ट्रंक, लहान घंगाळ, लामणदिवा, वीस पणत्या. गोधडी फुकट. पंचवीसमधले साडेसहा हजार उरले. ते गालिच्यावर घालायचा तिचा विचार अजून गेलेला नाही, रोज एक नवा फोटो येतो. मी रोज विचारते, "मार्चमध्ये कुठे ठेवणार?" ती रोज म्हणते, "तुझ्या माळ्यावर."

कंदिलाचं ठरलंय. कामट्या आणून झाल्यात, बाल्कनीत उभ्या आहेत. रविवारी ती येणार आहे, खळ मी करून ठेवणार आहे, आणि पहिला बिघडणार हे गृहीत धरून पतंगी कागद दुप्पट आणलाय.